कादंबरीतील गूढविद्येचा माग कसा काढावा

एखाद्या कादंबरीवर गूढविद्येचा प्रभाव आहे असे म्हणणे सोपे असते. तो सिद्ध करायचा असेल, तर लेखकाचा त्या विचाराशी संबंध केव्हा आला हे आधी वर्षानिशी निश्चित करावे. सरावासाठी रशियन लेखक आंद्रेई बेली यांची ‘पीटर्सबर्ग’ घ्यावी. १९०५ च्या रशियन क्रांतीच्या धामधुमीत एका तरुणावर सिनेटर असलेल्या आपल्या वडिलांनाच बॉम्बने मारण्याची कामगिरी येऊन पडते, हे तिचे कथासूत्र. बेली थिऑसफीकडे, म्हणजे कर्म, पुनर्जन्म आणि सूक्ष्म जगत मानणाऱ्या गूढविद्येच्या पंथाकडे, आधीच ओढले गेले होते. १९१२ मध्ये ते थिऑसफीच्या जर्मन शाखेचे तेव्हाचे प्रमुख रुडॉल्फ स्टायनर यांना भेटले आणि १९१३ पासून कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे ही भेट लेखन चालू असतानाच झाली.

त्यानंतर मजकुराकडे वळावे, पण वर्तुळे, आकडे, त्रिकोण अशी चिन्हे मोजत बसू नये. ती हव्या त्या पुस्तकात सापडतात. त्याऐवजी ती कल्पना वगळली तर प्रसंग उभा राहतो का, हे तपासावे. सिनेटरच्या डोक्यातील विचारखेळातून एक अनोळखी माणूस निर्माण होतो आणि पुढे तो शहरात स्वतंत्रपणे वावरू लागतो. विचाराला सूक्ष्म पातळीवर खरोखर आकार येतो, ही अ‍ॅनी बेझंट आणि लेडबीटर या थिऑसफिस्टांनी मांडलेली समजूत बाजूला काढली, तर हा प्रसंग निव्वळ चमत्कृती उरतो. प्रभावाचा भक्कम पुरावा मिळतो तो अशा जागी.

मराठी वाचकाने येथे एक विशेष सावधगिरी बाळगायला हवी. कर्म, पुनर्जन्म हे शब्द आपल्या घरचे असल्यामुळे आपण थेट उपनिषदांकडे धाव घेतो. १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या आणि १८७९ मध्ये मुंबईत आलेल्या थिऑसॉफिकल सोसायटीने मात्र या कल्पनांना एकोणिसाव्या शतकातील उत्क्रांतिविचाराची जोड दिली. पुराणातील भरत राजा हरणाच्या जन्माला जातो. थिऑसफीत मनुष्यजन्माला आलेला जीव पशुयोनीत परतत नाही. म्हणून त्या काळच्या कादंबरीसोबत त्या काळचेच थिऑसफीचे ग्रंथ वाचावेत.

उल्लेख म्हणजे श्रद्धा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ कादंबरीमध्ये डब्लिनचे थिऑसफिस्ट येतात ते बहुतांशी थट्टेचा विषय म्हणून. आणि संबंधाचे वर्ष लेखनानंतरचे निघाले, तर कितीही मोह झाला तरी निष्कर्षात ‘प्रभाव’ न लिहिता ‘साम्य’ एवढेच लिहावे.