नवी बॅटरी टाकायच्या आधी हे बघा: गाडीची बॅटरी सारखी का उतरते?

सकाळी निघायच्या घाईत सेल्फ मारला की नुसतं टक टक टक, मीटरमधले दिवे मिणमिणते, मग सोसायटीत कोणाला तरी गाठून जंप स्टार्ट. एकदा झालं तर ठीक, एखादा दिवा चालू राहिला असेल. पण आठवड्यात दोनदा झालं की बॅटरीवाला बघून न बघितल्यासारखं करतो आणि सांगतो "गेली ही, बदलून टाका". मी बदलली. चौथ्या दिवशी नवी पण झोपली.

मुळात तीनच शक्यता असतात. एक तर बॅटरी चार्ज धरत नाही, नाहीतर अल्टरनेटर (गॅरेजमध्ये अजून डायनॅमोच म्हणतात) नीट चार्ज करत नाही, नाहीतर गाडी बंद असताना कुणीतरी गुपचूप करंट पितंय. यातलं कुठलं ते एका साध्या डिजिटल मल्टीमीटरवर कळतं.

आधी टर्मिनल बघा. हिरवट पांढरी भुकटी जमलीय का, क्लॅम्प हाताने फिरतो का? गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, सुकवा, घट्ट करा. काढताना आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह, लावताना बरोबर उलट, कारण पॉझिटिव्हवर असलेला पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती बघायची हौस नको.

मग व्होल्टेज. गाडी रात्रभर उभी राहू दे, सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल वायर पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. १२.६ म्हणजे फुल, १२.४ ला साधारण पाऊण, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी. आता घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत रहा. फुल चार्ज असूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी खरंच गेलीय, आपल्याकडच्या उन्हात तीन-चार वर्षांत जातेच. पण ही टेस्ट उतरलेल्या बॅटरीवर करू नका, बिचारी चांगली असून बदनाम होईल.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. १२.५ वरून हळूहळू खालीच येत असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. सतत १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय, बॅटरी उकळून मरेल. फक्त नव्या माइल्ड हायब्रिड (इंजिनाला छोट्या मोटरची मदत असलेल्या) गाड्यांमध्ये कंप्युटर स्वतःच चार्जिंग कमी जास्त करतो, तिथे हेडलाइट लावून थोडा वेळ बघा आणि मगच ठरवा. आणि गाडी फक्त दूध-भाजीला दोन किलोमीटर जात असेल तर सेल्फने ओढलेलं भरूनच येत नाही, तिथे दोष कोणाचाच नाही, रविवारी लांब चक्कर मारा.

हे सगळं ठीक निघालं तर मग चोर शोधायचा. खरी मजा इथे आहे.

मीटर १० अँपिअरवर, लाल वायर १० अँपिअरच्याच भोकात (मिलीअँपिअरच्या भोकात घातलीत तर मीटरचा फ्यूज उडतो, माझा उडाला). निगेटिव्ह केबल काढून बॅटरीचा निगेटिव्ह आणि ती केबल यांच्या मधोमध मीटर. आता सेल्फ चुकूनही मारायचा नाही, इग्निशन पण ऑन करायचं नाही. फ्यूज बॉक्स आत असतो म्हणून एक दार उघडं ठेवायचं पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय, चावी लांब घरात, आणि मग अर्धा-पाऊण तास थांबायचं कारण गाडीतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात आणि लोक इथेच घाई करून सुरुवातीचा मोठा आकडा बघून घाबरतात.

झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर नॉर्मल. माझ्याकडे ०.३४! हिशोब करा, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी ०.३४ ने शंभर तासांत साफ, म्हणजे चार दिवस आणि वर थोडं. कोडं तिथेच सुटलं.

मग एकेक फ्यूज काढत जायचं, ज्याने आकडा धाडकन खाली येतो ती लाइन. माझ्यात ऑडिओचा निघाला. बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमला बहुतेक वेळा एक पिवळी वायर असते, कायम करंटची, आणि एक लाल, चावी फिरवल्यावर येणाऱ्या करंटची. बसवणाऱ्याने दोन्ही पिळून एकत्र कायमच्या लाइनला जोडलेल्या, स्क्रीन काळी पण आत सिस्टीम रात्रभर जागी. लाल वायर वेगळी करून इग्निशनवर घेतली, आकडा ०.०२.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी बघा, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, हॉर्न रिले. तिथेही काही नसेल तर अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक असू शकतो, ते मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि जाताना मीटरचा फोटो दाखवा म्हणजे तो बॅटरीपासून सुरू करणार नाही.