पावसाळ्यात ज्युदोचा वर्ग तुटू नये म्हणून: जुना लॅपटॉप, लिनक्स आणि एक ग्रुप

जून लागला की आमच्या बेळगावातल्या वडगावच्या ज्युदो वर्गातली निम्मी पोरं दिसेनाशी होतात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाने एकदा धरलं की खानापूरहून येणाऱ्यांना संध्याकाळची परतीची बस मिळेलच असं नाही. निपाणी-चिकोडीकडची मुलं एरवीही रविवारीच येतात. ज्युदोत महिनाभर खंड पडला की अंग विसरायला लागतं, आणि बारा-तेरा वर्षांचं पोर एकदा सुटलं की सहसा परत येत नाही. त्यांना धरून ठेवायला आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. मुलं घरून सरावाचे व्हिडिओ ग्रुपवर पाठवतात, ते लॅपटॉपवर नीट बघून तिथेच दुरुस्ती सांगायची. एक जुना लॅपटॉप, एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि आठवड्यातले दोन-तीन तास एवढंच लागतं.

लॅपटॉप मिळवा

विंडोज १० ला नेहमीचे मोफत अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. त्यामुळे धडधाकट असूनही कपाटात पडलेले लॅपटॉप बऱ्याच घरांत सापडतात. पालकांना विचारा. प्रोसेसर ६४ बिटचा हवा, रॅम निदान ४ जीबी हवी, आणि बॅटरी तासभर तरी टिकली पाहिजे, कारण पावसात वीज नेमकी वर्गाच्या वेळेला जाते. पैसे घालायचेच असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवण्यात घाला. दुसऱ्या कशानेही एवढा फरक पडत नाही.

त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ती हलकी आहे, आणि विंडोजची सवय असलेला माणूस तिच्यापुढे बुजत नाही. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. तो कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. विंडोजची चोरटी सीडी मुलांसमोर वापरायची नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मॅटवर शिस्त शिकवायची आणि टेबलावर चोरीचा माल ठेवायचा, हे मला पटत नाही.

पेनड्राइव्ह बनवा आणि आधी चालवून बघा

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. एचर नावाच्या मोफत प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. त्यावर आधीचं जे काही असेल ते पुसलं जातं. मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि सुरू करताना एफ १२ दाबत राहा. काही कंपन्यांत ही कळ एफ ९ किंवा एस्केप असते. यादीतून पेनड्राइव्ह निवडलात की मिंट थेट त्यावरूनच चालू होतं, डिस्कला हातही लागत नाही.

इथे अर्धा तास काढा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, सगळं तपासा. वाय-फाय सापडलं नाही तर मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्या. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

पहिल्या वेळी मी घाई केली होती. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला, आणि त्या लॅपटॉपवर एका पालकांच्या घरच्या लग्नाचे फोटो होते. ते परत मिळाले नाहीत. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. म्हणून इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी मालकाला शेजारी बसवा, त्यांच्या फाइल त्यांच्यादेखत दुसरीकडे उतरवा, आणि त्या उघडतात का तेही त्यांनाच बघू द्या.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेकच्या (व्हिडिओ-आवाज चालवायला लागणाऱ्या जोडप्रोग्रॅमच्या) चौकटीवर खूण करायला विसरू नका. नाहीतर काही व्हिडिओ नीट चालणार नाहीत.

मराठी आणि कन्नड, दोन्ही बसवा

आमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी आणि शाळेत कन्नड लिहिणारी मुलं आहेत, उर्दू बोलणारीही आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा ‘कागपा’ आराखडा जोडा, शेजारी कन्नडचाही तोच जोडा. उच्चाराप्रमाणे टाइप होतं, म्हणजे के दाबलं की क उमटतो. कागपा हे कन्नड गणक परिषदेचं छोटं रूप आहे. त्या नावाच्या आराखड्यावर आमची पोरं मराठी लिहितात, याचा मला मनापासून आनंद आहे. भाषा बदलायची कळ ठरवून घ्या आणि ती कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवा.

व्हिडिओ कसा घ्यायचा, कसा बघायचा

ग्रुपचा सगळा जीव इथे आहे. फोन आडवा धरा, कमरेच्या उंचीवर, दोघांच्या तिरक्या बाजूने. दहा सेकंद पुरेत. एका व्हिडिओत एकच डाव, आणि सोबत एकच प्रश्न: तोल काढताना अडतंय, अंग भिडवताना, की पाडताना? ज्युदोत यांना कुझुशी, त्सुकुरी, काके म्हणतात. प्रश्न असा नेमका विचारायला लागला की मुलगा अर्धा शिकलेला असतो.

खानापूरकडच्या एका मुलीचा ओ-सोतो-गारी, म्हणजे समोरच्याचा पाय मागून झाडून त्याला पाडायचा डाव, कायम फसायचा. समोरची उलट तिलाच मागे पाडायची. तिने अंगणात मोठ्या भावाला धरून, त्याला न पाडता, नुसतं आत शिरतानाचा व्हिडिओ पाठवला. एरवी बघताना सगळं बरोबर वाटत होतं. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये तो थांबवून ‘ई’ची कळ दाबत एकेक चित्र पुढे सरकवलं, तेव्हा दिसलं. तिचा डावा पाय भावाच्या पायाशेजारी पडायला हवा होता, तो वीतभर अलीकडेच पडत होता. त्यामुळे छातीला छाती भिडत नव्हती, आणि उजवा पाय लांबवताना तिचा भार तिच्याच टाचेवर जात होता. ते एक चित्र जपून ठेवलं, दोन पायांमधल्या फटीवर लाल रेघ मारली आणि तिला पाठवलं. पुढचे पंधरा दिवस तिने फक्त ते एक पाऊल घोटलं.

ग्रुप चालवायचे नियम

पालक व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, तर ग्रुप तिथेच ठेवा. मला मुक्त सॉफ्टवेअरचं कितीही वेड असलं तरी शेतावरून आलेल्या बापाला त्यासाठी नवं ॲप शिकायला लावणं मला योग्य वाटत नाही. मुलांचे व्हिडिओ पालकांच्या परवानगीशिवाय घेऊ नका आणि ग्रुपबाहेर जाऊ देऊ नका. सांगणाऱ्याने आधी काय जमलं ते सांगायचं, मग एकच दुरुस्ती. पाच जणांनी पाच चुका काढल्या की पोर पुढचा व्हिडिओ पाठवत नाही.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात १२ चटयांवर वर्ग सुरू केला. त्यांच्या शिकवणीतलं ‘जिता क्योएई’ म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं, दोघांचंही भलं. आमच्याकडे नियम असा की ज्याला उत्तर मिळालं, त्याने त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या तरी व्हिडिओवर उत्तर द्यायचं. तालमीत जाणारी मुलं यात पुढे असतात. सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव, समजावताना ती सरळ धोबीपछाड म्हणतात, आणि समोरच्याला ते पटकन कळतं. म्हणू द्या.

रविवारी अर्धा तास जित्सी या मोफत व्हिडिओ कॉलवर भेटा. सुरू करणाऱ्याला खातं लागतं, मुलांना लागत नाही. घरी कुणालाही पाडायचं नाही, गळा आवळायचे डाव तर अजिबात नाहीत, आणि मोठं माणूस खोलीत हवंच. सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून उचिकोमी, म्हणजे न पाडता डावात शिरायचा पुन्हापुन्हा सराव, करा, गोधड्या अंथरून उकिडवं बसून मागे पडायचा सराव करा. पडताना हनुवटी छातीला टेकलेली हवी, हे दर वेळी आठवण करून द्या. शेवटची पाच मिनिटं एखादी लढत बघायला ठेवा. बेळगावजवळच्या खेड्यातली मलप्रभा जाधव ज्युदोतून कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीकडे वळली आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने ५२ किलो गटात कांस्य आणलं. ती आपल्याच भागातली म्हटल्यावर मुली स्क्रीनच्या आणखी जवळ सरकतात.

मिंटचा पेनड्राइव्ह पुसू नका. आमचा गेल्या श्रावणात खानापूरला गेला. तिथल्या दोन मुलांनी तो आपल्या शाळेतल्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरला लावला, आणि कुठली कळ दाबायची ते विचारायला रात्री साडेनऊला मला फोन केला.