ईबी-५ चा अर्ज चालू असताना लग्न झालं, तर बायकोचं नाव कसं जोडायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, मुलाच्या नावे अमेरिकेच्या गुंतवणूकदार व्हिसाचा, म्हणजे ईबी-५ चा अर्ज गेलाय, फाइल तिकडे पडून आहे आणि इकडे वैशाखातली तारीख धरलीय. अशा घरात पहिला प्रश्न हमखास पैशांचाच निघतो. सूनबाईंसाठी पुन्हा आठ लाख डॉलर भरायचे का?

नाही. गुंतवणूक एकदाच. मार्च २०२२ च्या सुधारित कायद्यानुसार ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातल्या प्रकल्पात आठ लाख डॉलर, इतरत्र साडेदहा लाख. त्याच अर्जावर नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आश्रित म्हणून जातात. व्हिसाच्या प्रतीक्षा रांगेतली तारीखही मुख्य अर्जदाराचीच मिळते. बायको दुसरेपणावरची असेल आणि तिला आधीचं मूल असेल, तर ते १८ वर्षांचं होण्याआधी हे लग्न झालेलं असावं लागतं, तरच ते सावत्र मूल म्हणून धरतात.

आधी तारीख पक्की करा

सगळा खेळ एका तारखेवर आहे. मुख्य अर्जदार कायम रहिवासी म्हणून अमेरिकेत पहिलं पाऊल टाकतो तो दिवस, किंवा तो तिथेच राहत असेल तर त्याचं ग्रीन कार्ड मंजूर होतं तो दिवस. लग्न त्याआधी झालं पाहिजे. अर्ज भरताना तो अविवाहित होता याने काही बिघडत नाही, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का पडला असला तरी वेळ गेलेली नसते. पण विमान गाठून तो तिकडे उतरला आणि मग सहा महिन्यांनी येऊन बोहल्यावर चढला, तर हा रस्ता बंद. मग त्याला बायकोसाठी आय-१३० हा वेगळा कौटुंबिक अर्ज करावा लागतो आणि त्या रांगेत वर्षं जाऊ शकतात. म्हणून घाईने तिकीट काढू नका. साखरपुडाही इथे मोजत नाहीत.

मग दाखला काढा

शहरात महापालिकेच्या विवाह नोंदणी विभागात, गावाकडे ग्रामसेवकाकडे. लग्नपत्रिका, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. दाखला हातात पडला की खिडकीपाशीच उभं राहून वाचा. त्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात. लग्नाची तारीख पत्रिकेशी आणि नावं पासपोर्टशी जुळतात का, ते पाहा.

सोलापुरात नावांचा घोळ जरा जास्तच. तेलुगू आणि कन्नड घरांतली आडनावं शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. येमूल हे आडनाव इंग्रजीत कुठे यू घालून, कुठे दोन ओ घालून लिहिलेलं सापडतं. त्यात लग्नानंतर मुलीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लागतं, आणि जन्माच्या नोंदीत तर कित्येकदा मुलीचं नावच नसतं, नुसतं ‘स्त्री’. अमेरिकेच्या कामासाठी नाव बदलायलाच हवं असं मुळीच नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. माझं मत विचाराल तर व्हिसा होईपर्यंत पासपोर्टला हात लावू नका, फक्त सगळे कागद त्याच्याशी जुळवून घ्या.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल, तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची कोर्टाची प्रमाणित प्रत लागते. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठीच्या भरवशावर राहू नका.

फाइल कुठे आहे, त्याप्रमाणे कळवा

मूळ अर्ज (आय-५२६ किंवा आय-५२६ई) अजून इमिग्रेशन खात्याकडेच असेल, तर केवळ लग्न झालं म्हणून तो नव्याने भरावा लागत नाही. वकिलाला लेखी कळवा, दाखल्याची प्रत द्या.

अर्ज मंजूर होऊन नॅशनल व्हिसा सेंटरकडे (मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणारं अमेरिकन सरकारी कार्यालय) गेला असेल, तर त्यांच्या ऑनलाइन चौकशी फॉर्मवरून केस नंबर, विवाहाचा दाखला आणि बायकोच्या पासपोर्टचं पहिलं पान पाठवून तिचं नाव जोडायला सांगा. नाव चढलं की तिची ३४५ डॉलर फी भरायची, तिचा स्वतंत्र डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरायचा, जन्मदाखला आणि पोलीस क्लिअरन्स जोडायचा. हा क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतो, सोलापूर पुणे कार्यालयाखाली येतं. इंग्रजीत नसलेल्या कागदाचं भाषांतर, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे’ असं लिहून केलेली सही, एवढं सोबत ठेवा.

मुंबईतल्या मुलाखतीची तारीख लागली असेल, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीला मुलाखतीआधी कळवा. लग्न लपवून ‘आधी आपण जाऊन येऊ, नंतर बघू’ हा सल्ला देणारे खूप भेटतील. ऐकू नका. फॉर्मवर वैवाहिक स्थिती विचारलेली असते, आणि तिथे खोटं लिहिलं तर पुढे दोघांचंही अडतं.

मुलगा अमेरिकेतच नोकरी करत असेल आणि त्याने तिथूनच आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, भरला असेल, तर गोष्ट थोडी वेगळी. बायको तिथे हजर असेल तरच तिचा आय-४८५ भरता येतो, तोही रांगेतल्या तारखेचा नंबर लागलेला असताना. ती सोलापुरातच असेल, तर तो आय-८२४ (तिची केस वकिलातीकडे पाठवण्याची विनंती) भरतो आणि तिची केस मुंबईला येते. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर ती मधल्या काळात एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर जाऊ शकते. विद्यार्थी व्हिसावाल्याच्या बायकोला मात्र एफ-२ हा जोडीदाराचा व्हिसा मागताना ‘परत येणार का?’ हा प्रश्न जड जातो.

सूनबाईंचा जन्म कुठला?

हे विचारायला बरेच जण विसरतात. रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर लागते. भारतात जन्मलेल्यांची ईबी-५ च्या सर्वसाधारण कोट्यातली रांग लांब आहे. मुलीचे वडील आखाती देशात नोकरीला होते आणि तिचा जन्म मस्कतचा किंवा दुबईचा असेल, तर त्या देशाच्या खात्यावर दोघांचीही केस लावता येते. मात्र मग नवऱ्याला तिच्याआधी एकट्याने जाता येत नाही. हे आपोआप होत नाही, दाखला जोडून मागावं लागतं.

दोघांनाही सुरुवातीला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-८२९, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज, भरायचा असतो, आणि त्यात बायकोचं नाव पुन्हा घालायचं असतं. ती मागाहून गेली असेल तर तिच्या कार्डावरची तारीख वेगळी असू शकते. त्यामुळे दोन्ही कार्डांच्या तारखा वकिलाला आधीच कळवून ठेवा.