टेस्ट लिंक करण्याआधी: एलटीओची तयारी

गाळप हंगाम तोंडावर आला की इथे सांगलीत वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची रांग लागते. स्टॅटिक लायब्ररीत (प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार कोडच्या गठ्ठ्यात) एक ओळ बदलली तरी सगळ्या टेस्ट नव्याने लिंक होतात, म्हणजे कोडचे तुकडे पुन्हा जोडून प्रोग्रॅम बनतात. मागच्या हंगामात एलटीओच्या (लिंक करतानाच सगळा कोड एकत्र बघून वेगवान करण्याच्या) लिंकिंगपायी ऐन गडबडीत मशीन अडून बसलं होतं, म्हणून यंदा हे आधीच लिहून ठेवतोय.

रॅम, डिस्क बघा. लायब्ररी आणि टेस्टला जीसीसी (कंपायलर) एकच ठेवा, आवृत्ती बदलली की एलटीओचा बाइटकोड (मशीन कोड होण्याआधीचा अर्धकच्चा कोड) जुळत नाही. लायब्ररीची ‘.ए’ फाइल ‘जीसीसी-एआर’ने बांधा. साध्या ‘एआर’ला बाइटकोड वाचणारं प्लगइन मिळालं नाही तर सिम्बॉलची अनुक्रमणिका अर्धवट राहते आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणत ओरडत बसतो.

आता मुख्य गोष्ट. टेस्टच्या लिंक कमांडमध्ये ‘नो-एलटीओ’ फ्लॅग लिहा. ‘एलटीओ’ फ्लॅग काढला म्हणजे झालं, असं नाही! ऑब्जेक्टमध्ये (कंपाइल होऊन निघालेल्या फाइलमध्ये) बाइटकोड दिसला की जीसीसी न सांगताच एलटीओ करतो. टेस्ट चाळीस असतील तर त्याच लायब्ररीवर चाळीसदा. कंपाइलच्या ओळीत नाही, लिंकच्या ओळीत ‘नो-एलटीओ’.

पण नुसतं तेवढ्यानेही भागत नाही. जीसीसी ४.९ पासून एलटीओच्या ऑब्जेक्टमध्ये फक्त बाइटकोड असतो, मशीन कोड नसतो. मग ‘नो-एलटीओ’ने लिंक काय करणार, कपाळ? लायब्ररी बांधतानाच ‘फॅट-एलटीओ-ऑब्जेक्ट्स’ द्या, म्हणजे दोन्ही राहतात. फाइल फुगते, फुगू दे. बिल्डसाठी सीमेक वापरणाऱ्यांनो, तुमचा आयपीओ (एलटीओ चालू करायचा) पर्याय जीसीसीला उलटा ‘नो-फॅट’ देतो, आणि टेस्टवर तो ऑफ केला तरी लिंकला ‘नो-एलटीओ’ जात नाही. दोन्ही फ्लॅग हाताने द्या. खात्री हवी असेल तर एका ऑब्जेक्टवर फाइलचे आतले सेक्शन दाखवणारं ‘रीडएल्फ’ चालवा: एलटीओचे सेक्शन आहेत आणि मशीन कोडचा टेक्स्ट सेक्शन रिकामा, तर फॅट लागलेलं नाही.

मॉकसाठी (टेस्टमध्ये खऱ्या फंक्शनऐवजी खोटं बसवायला) लिंकरचा ‘रॅप’ वापरत असाल तर एलटीओवर भरवसा नको. कॉल इनलाइन झाला, म्हणजे फंक्शनचा कोड जागेवरच चिकटवला गेला, की गुंडाळायला काही उरतच नाही.

बाकी: जुना बिल्ड फोल्डर उडवा. ग्राहकाकडे जाणारी बायनरी एलटीओसकटच, तिच्यावर थोड्या टेस्ट वेगळ्या चालवा. व्हर्बोज (पूर्ण कमांड दाखवणारा पर्याय) लावून लिंकची ओळ एकदा डोळ्यांनी वाचा. ‘नो-एलटीओ’ दिसला का? नसेल तर एंटर मारू नका.