पहाटेची चाचणी, संध्याकाळचा सराव: सोळाशे मीटरमधले सेकंद कुठे जातात

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लष्कर भरतीची तयारी करणारी बरीच पोरं संध्याकाळीच मैदानावर येतात. दिवसभर कॉलेज नाहीतर काम, मग पाचनंतर पळणं. वेळही चांगली लागते. पण भरतीच्या दिवशी उजाडताना पळायला उभं राहिलं की पाय दगडासारखे. झोप झाली नाही, टेन्शन आलं, ही कारणं खरीच. त्यात घड्याळाचाही वाटा असतो, आणि तो आधीच कमी करून ठेवता येतो.

अंगातलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात कमी असतं आणि दुपारी चार ते सातच्या दरम्यान सगळ्यात जास्त. फरक जेमतेम अर्धा ते एक अंश सेल्सिअस. तेवढ्यानेही गार स्नायू हळू आकुंचन पावतो आणि सांधे ताठ राहतात. याचा फटका झटक्याच्या कामाला जास्त बसतो: बीम (पुल-अप), नऊ फुटी खड्ड्यावरची उडी, शेवटच्या दोनशे मीटरची स्प्रिंट. सावकाश लांब पळण्याला तो कमी जाणवतो.

अग्निवीर भरतीत १.६ किमी ५ मिनिटं ३० सेकंदांत पूर्ण केलं तर ६० गुण, ५:३१ ते ५:४५ मध्ये ४८. संध्याकाळी ५:२५ लागत असेल आणि पहाटे दोन-तीन टक्के मंदावलात, तर ६ ते १० सेकंद गेले. दहा सेकंदांत ५:३५ होतात आणि बारा गुण हातचे जातात.

आपला फरक किती ते आधी मोजा. तेच मैदान, तेच बूट, आदल्या दिवशी हलका सराव. एकदा सकाळी सहाला आणि तीन-चार दिवसांनी संध्याकाळी साडेपाचला पळा. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. सकाळ-संध्याकाळच्या एकाच जोडीवर विश्वास ठेवू नका, वाऱ्याने आणि जेवणानेही पाच सेकंद इकडचे तिकडे होतात. मैदान नसेल तर भिंत आहे: बोटांना खडू लावा, उभ्याने हात पोचतो तिथे खूण करा, मग उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, तीन उड्यांतली सगळ्यात चांगली धरा.

उपाय साधा आहे: ज्या वेळी चाचणी, त्या वेळी सराव. पाच-सहा आठवडे आठवड्यातून तीन-चार दिवस पहाटे पळालं की सकाळ-संध्याकाळचा फरक बराच कमी होतो. पण लवकर झोपल्याशिवाय हे जमत नाही, आणि नेमकं इथेच बिघडतं. साडेचारला उठायचं आणि रात्री साडेअकरापर्यंत मोबाईल, म्हणजे पाच तासांची झोप. त्यापेक्षा संध्याकाळी पळालेलं बरं. रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपत साडेनवावर या. दोन तास अलीकडे यायला आठवडाभर लागेल.

सहाला पळायचं तर साडेचारला उठा. उठल्या उठल्या मोठा दिवा लावा, पेलाभर कोमट पाणी प्या, पोट साफ होऊ द्या. पाचच्या आत एक केळं किंवा गुळाचा खडा आणि चार खजूर. शेंगदाण्याचा लाडू नंतर. त्यातलं तेल पळताना पोटात बसून राहतं. कॉफी मानवत असेल तर याच वेळी एक कप. भरतीच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग नको.

पाच पस्तीसला वॉर्म-अप सुरू करा. संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात, पहाटे वीस-पंचवीस लागतात. पाच मिनिटं चालणं, आठ मिनिटं संथ जॉगिंग, मग पाय झुलवणं, गुडघे वर उचलून पळणं, आणि शेवटी ७० मीटरच्या चार वाढत्या वेगाच्या धावा, चालत परत येत. स्वेटरच्या आत पाठीला घाम फुटला तर अंग तापलं असं समजा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात स्वेटर अगदी शेवटी काढा. भरतीत तुकडी सुटायला तासही लागतो आणि तापलेलं अंग पंधरा मिनिटांत गार होतं. म्हणून रांगेतही पाय हलते ठेवा, जागच्या जागी जॉगिंग करा, पायांत ट्रॅकपँट राहू द्या.

तालमीतल्या पोरांना एक सांगायला हवं. पहाटेचे जोर-बैठका ही चालत आलेली रीत आहे, ती मोडायची गरज नाही. पण रात्रभर झोपून मणक्यातल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्यापासून पहिला तासभर कमरेतून वाकून जड वजन उचलू नका, जोडीदारालाही नाही. आधी बैठका, मग जोर. जड मेहनत आणि जोरदार लढत संध्याकाळी ठेवा. कुस्तीची मैदानंही बहुधा दुपारनंतरच रंगतात. लढत झोपेच्या किमान दोन तास आधी संपवा, नाहीतर डोळा लागत नाही.

एप्रिल-मे मध्ये मात्र हिशेब उलटतो. बेळगावात दुपारचा पारा ३५ च्या पुढे जातो, चारला वळीव गाठतो, तापलेल्या डांबरावर पाच किलोमीटर पळताना संध्याकाळचा सगळा फायदा घामात जातो. अर्ध्या तासापेक्षा लांब पळणं त्या दिवसांत पहाटेच. छोट्या स्प्रिंट आणि बीम संध्याकाळी सहानंतर चालतील.

पोरांबरोबर मैदानावर येणाऱ्या चाळिशीच्या पुढच्या वडिलांनी अंथरुणातून उठून थेट पळायला लागू नये. सकाळी रक्तदाब झपाट्याने चढतो आणि हृदयविकाराचे झटकेही त्या वेळी जास्त येतात. पंधरा मिनिटं चालून मगच वेग वाढवावा. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी पळू नये, आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.