नाटकाचा सिनेमा करायला निघण्याआधी

गेल्या खेपेला आमच्या हातून एक चांगलं नाटक पडद्यावर मेलं. तालुक्याच्या गावातली गोष्ट, एका वाड्याची ओसरी, सात माणसं, १५० प्रयोग झालेले. आता दुसरं नाटक हाती घेतलंय, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. बाकी काही विसरलात तरी चालेल, हशाच्या जागा विसरू नका.

कॅमेरा, लाइट, जेवण, गाड्या हे प्रॉडक्शनवाले बघतात. हक्कांचं मात्र स्वतः बघा. नाटककार घरचा असला तरी लेखी आणि सहीनिशी घ्या. करारात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शेवट बदलायचा असेल तर तेही आधीच बोलून घ्या. अमेरिकन नाटककार थॉर्नटन वाइल्डरच्या ‘अवर टाऊन’ नाटकात नायिका बाळंतपणात जाते. १९४० च्या सिनेमात तिला जगवलं, पण नाटककाराच्या संमतीने. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सिनेमा केंद्रीय प्रमाणन मंडळाकडे वेगळा न्यावा लागतो. सीनमध्ये शेळी किंवा बैल असेल तर पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी हवी, नंतर धावपळ करून उपयोग नाही.

आता हशाच्या जागा. आमच्या नाटकात पोस्टमन सांगतो, “आज काही नाही, काकू.” काकू म्हणतात, “मग घंटी कशाला वाजवलीस?” नाट्यगृहात इथे हमखास हशा यायचा आणि काकू चार सेकंद थांबायच्या. इतक्या प्रयोगांनंतर ते थांबणं अंगात मुरतं, नटाला स्वतःला कळतही नाही. पडद्यावर काय दिसलं? काकूंचा हात तांदुळाच्या सुपात तसाच, पोस्टमन सायकलच्या हँडलकडे बघतोय, आणि दोघं अंधारातून येणाऱ्या हशाची वाट बघतायत. एडिटला कापायला गेलो तर दोघं एकाच फ्रेममध्ये, मध्ये टाकायला क्लोजअप नाही. अशा ३१ जागा निघाल्या.

म्हणून नाटक चालू आहे तोवर स्टॉपवॉच घेऊन प्रयोगाला बसा. संहितेच्या समासात प्रत्येक हशाचे सेकंद मांडा. मग त्याच नटांना बंद खोलीत वाचायला बसवा. बॅकस्टेजची मंडळीसुद्धा आत नकोत, ती सवयीने हसतात. जिथे नट थांबेल तिथे खूण करा आणि ती जागा बुजवा: काकूंचं तांदूळ निवडणं थांबू देऊ नका, पोस्टमनला निघू द्या. तरीही अशा प्रत्येक जागी एक क्लोजअप जास्तीचा घ्याच. वेळ नाही म्हणून दिग्दर्शक कुरकुरेल, ऐकू नका.

मग विंगा. रंगमंचावर डावी विंग म्हणजे एसटी स्टँड, उजवी म्हणजे नदी, आणि गाव सगळं बोलण्यातून उभं राहतं. सिनेमात स्टँड दिसतोय, तर “गाडी आली वाटतं” हे वाक्य काढा. पण दिसतंय म्हणून बाहेरही पळू नका. वाईला नदीचा घाट इतका देखणा दिसला की आम्ही सहा प्रवेश तिकडे नेले. ओसरीवर माणसं कोंडलेली होती, हेच तर नाटक होतं. तिकडेच जायचं असेल तर कृष्णामाईच्या उत्सवाचे दिवस टाळा, घाटावर माणसं आणि लाउडस्पीकर असतात. आठवडी बाजाराचा वारही आधी विचारून ठेवा.

शूटिंगच्या दिवशी आवाजाचा पल्ला कमी करायला सांगा, शेवटची रांग तिथे नाही. मॉनिटरजवळ एक माणूस फक्त समासातल्या खुणांसाठी बसवा. त्याला दुसरं काम देऊ नका, हशाची जागा राहिली की टेक पुन्हा. प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं सगळ्यांना गप्प करून गावाचा आवाज घेऊन ठेवा. डबिंग, संगीत, रंग नेहमीसारखं. पहिला कट नाटक न पाहिलेल्या माणसांना दाखवा.

आमच्या नव्या नाटकाचा रविवारी प्रयोग आहे. मी शेवटच्या रांगेत स्टॉपवॉच घेऊन बसणार आहे.