क्लॅरिनेटसाठी रोमँटिक चेंबर संगीतातील रचना कशा निवडाव्यात

रचना निवडताना क्लॅरिनेटवादक बहुधा ती बोटांना झेपेल का, एवढेच पाहतो. परंतु रोमँटिक कालखंडातील (साधारण एकोणिसाव्या शतकातील) चेंबर संगीतात, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीतात, खरी कसोटी दमसासाची आणि सहवादकांची असते. म्हणून सोबत कोण बसणार आहे, हे आधी ठरवावे.

केवळ पियानोवादक उपलब्ध असेल, तर संगीतकार शुमान यांच्या १८४९ मधील ओपस ७३ चे (ओपस म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक) तीन तुकडे प्रथम डोळ्यांसमोर येतात. कागदावर ते सोपे दिसतात, मात्र त्यांत विसाव्याच्या जागा फारच थोड्या आहेत आणि तिन्ही भाग न थांबता सलग वाजवायचे असल्यामुळे, वेग वाढत जाणाऱ्या शेवटच्या पानापर्यंत ओठ थकून जातात. श्वासाच्या खुणा पियानोचा भाग समोर ठेवून पेन्सिलीने कराव्यात, मग तिन्ही तुकडे संथ लयीत एका बैठकीत वाजवून पाहावेत. तिसऱ्यात आवाज पातळ होऊ लागला, तर कार्यक्रमाची घाई करू नये.

ब्राम्स यांच्या १८९४ मधील ओपस १२० च्या दोन सोनाटांत (क्लॅरिनेट आणि पियानोसाठीच्या, अनेक भागांच्या रचनांत) पियानोचा भाग इतका भारदस्त आहे की, माझ्या मते, तिथे क्लॅरिनेटवादकाने स्वतःपेक्षा साथीदाराची तयारी आधी तपासावी. या सोनाटा बी-फ्लॅट क्लॅरिनेटसाठी आहेत; १८९१ मधील त्रिकूट ओपस ११४ आणि पंचक ओपस ११५ यांना मात्र त्याहून अर्धस्वर खाली वाजणारे ए क्लॅरिनेट लागते. ते नसेल, तर एक अर्धस्वर खाली वाचून वाजवण्याचा पर्याय राहतो, पण ए क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर बी-फ्लॅटवर निघतच नाही.

चार तंतुवाद्ये मिळाली, तर वेबर आणि ब्राम्स यांची पंचके समोर येतात, आणि दोहोंचा स्वभाव अगदी वेगळा आहे. वेबर यांचे ओपस ३४ हे जवळजवळ छोटे कॉन्चेर्टोच, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून इतरांनी साथ करण्याची रचनाच आहे, त्यामुळे मध्यम तयारीच्या तंतुवादकांसोबतही ते उभे राहते. ब्राम्स यांच्या पंचकात मात्र धागे पाचही जणांत विणलेले आहेत. त्याच्या संथ भागात तंतुवाद्ये म्यूट (आवाज मृदू करणारी चिमटी) लावून वाजतात आणि क्लॅरिनेट त्यांच्यावरून मुक्तपणे विहरते. तिथे आवाज चढवण्याचा मोह आवरता येत नसेल, तर ही रचना तूर्त बाजूला ठेवावी.

व्हायोलावादक आणि पियानोवादक असतील, तर शुमान यांचे ओपस १३२ आहे, तसेच ब्रूख यांचे १९१० मधील आठ तुकडे आहेत. त्यांतून हवे तेवढेच निवडता येतात. पियानोसोबत सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) गायिका असेल, तर शूबर्ट यांच्या १८२८ मधील ‘डोंगरावरचा मेंढपाळ’ या रचनेला तोड नाही.

स्वरलिपी विकत घेताना ओपस १२० ची व्हायोलासाठीची प्रत तर हाती येत नाही ना, हे पाहावे, कारण ती आवृत्ती स्वतः ब्राम्स यांनीच केली असली, तरी तिच्यात काही ठिकाणी सप्तक बदललेले आहे.